लहान आणि चपळ पक्ष्यांची उडतानाची छायाचित्रे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चिमणीपासून साधारण खंड्याएवढ्या आकारापर्यंतच्या रानपक्ष्यांना भर उड्डाणात टिपू पाहणाऱ्यांचे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. कॅमेऱ्याची प्राथमिक ओळख वाचकाला आहे, असे गृहीत धरले आहे.

घार किंवा बगळा उडताना सहज टिपता येतो, मग माळभिंगरी का सापडत नाही?

याचे उत्तर केवळ वेगात शोधू नये. माळभिंगरी नेहमीच्या उड्डाणात सेकंदाला साधारण १० मीटर जाते आणि अनेक मोठे पक्षीही जवळपास तेवढ्याच वेगाने उडतात. खरी अडचण अंतराची आहे. पूर्ण-फ्रेम सेन्सर आणि ४०० मिलिमीटरची लेन्स घेऊन १० मीटरवर पाहिले, तर चौकटीत मावणाऱ्या दृश्याची रुंदी जेमतेम ९० सेंटिमीटर असते. समोरून आडवी जाणारी माळभिंगरी ही रुंदी ०.०९ सेकंदात ओलांडते. डोळ्यांनी पाहून बोट दाबायला माणसाला साधारण ०.२ सेकंद लागतात, म्हणजे पक्षी दिसला म्हणून बटण दाबणाऱ्याच्या वाट्याला रिकामे आकाशच येते. त्याच वेगाने ५० मीटरवरून जाणारी घार मात्र त्याच चौकटीत जवळजवळ अर्धा सेकंद राहते, शिवाय तिची दिशा आधीपासून दिसत असते. लहान पक्षी चौकटीत पुरेसा मोठा दिसावा म्हणून आपल्याला त्याच्या जवळ जावे लागते, आणि जितके जवळ जावे तितका तो चौकटीतून लवकर निसटतो. या कोंडीतून महागडी उपकरणे काही अंशीच सोडवतात. पक्षी कोठून येणार हे आधी ठाऊक असणे अधिक उपयोगी पडते, आणि म्हणून पुढील बऱ्याच उत्तरांत तोच मुद्दा पुन्हा येईल.

यात उड्डाणाच्या पद्धतीची भर पडते. धोबी आणि मुनियांसारखे अनेक लहान पक्षी काही वेळा पंख मारतात, मग ते अंगाशी मिटून क्षणभर तसेच पुढे फेकले जातात, त्यामुळे त्यांचा मार्ग लाटेसारखा वरखाली होतो. पंख मिटलेल्या अवस्थेत मिळालेले चित्र तांत्रिकदृष्ट्या निर्दोष असले, तरी त्यात पक्ष्याऐवजी पिसांची गोळी दिसते.

शटरचा वेग किती ठेवावा?

सुरुवातीला १/३२०० सेकंद ठेवावा आणि प्रकाश परवानगी देईल तसा १/४००० कडे न्यावा. या आकड्यांमागचे गणित समजून घेतले, तर केव्हा तडजोड चालेल हेही कळते.

सेकंदाला १० मीटर जाणारा पक्षी १/२००० सेकंदात ५ मिलिमीटर सरकतो. शेपटीसह १८ सेंटिमीटर लांबीचा पक्षी चित्रात १५०० पिक्सेल व्यापत असेल, तर एक मिलिमीटर म्हणजे सुमारे ८ पिक्सेल, आणि ५ मिलिमीटर म्हणजे ४० पिक्सेलचा फराटा. कॅमेरा स्थिर धरला तर एवढी अस्पष्टता कोणत्याही संगणकीय प्रक्रियेने भरून निघत नाही. कॅमेरा पक्ष्याच्या वेगाने फिरवत राहिले, म्हणजे पॅनिंग नीट साधले, तर यातील बहुतेक सरक नाहीशी होते आणि १/२००० लाही शरीर व डोळा तीक्ष्ण येतात.

पंखांचे गणित मात्र वेगळे आहे, कारण त्यांच्या हालचालीला पॅनिंगचा उपाय नाही. सेकंदाला २० वेळा पंख मारणाऱ्या, १० सेंटिमीटर लांबीचा पंख असलेल्या पक्ष्याच्या पंखाचे टोक फटक्याच्या मध्यावर सेकंदाला १० मीटरपेक्षा अधिक वेगाने फिरते. फटक्याच्या वरच्या आणि खालच्या टोकाला पंख दिशा बदलताना क्षणमात्र थांबतात, आणि म्हणूनच पंख पूर्ण वर किंवा पूर्ण खाली असलेल्या फ्रेम इतरांपेक्षा स्पष्ट निघतात. सेकंदाला ५० किंवा त्याहून अधिक वेळा पंख हलवणाऱ्या हमिंगबर्डच्या बाबतीत १/४००० देखील अपुरे पडते. डोळा आणि चेहरा तीक्ष्ण असतील, तर पंखांच्या टोकांची थोडी अस्पष्टता हा दोष मानू नये. उलट, प्रत्येक पीस गोठलेले चित्र काही वेळा दोऱ्याने टांगलेल्या पक्ष्यासारखे निर्जीव वाटते.

पक्षी चौकटीतच येत नाही. काय करावे?

पहिली गोष्ट म्हणजे कॅमेरा खाली ठेवून निदान अर्धा तास नुसते पाहावे. पाण्यावर किंवा गवताळ रानावर कीटक टिपणाऱ्या भिंगऱ्या दिसायला स्वैर फिरतात, पण त्यांच्या फेऱ्यांना मार्ग असतो. त्या बहुधा वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने संथपणे येतात, ठरावीक जागी वळतात, वाऱ्याबरोबर झपाट्याने मागे जातात आणि पुन्हा तीच फेरी सुरू करतात. वळणाची जागा सापडली की अर्धे काम झाले, कारण तेथे वेग घटतो आणि पंख व शेपटी पसरलेली असतात.

दुसरी गोष्ट कॅमेरा उचलण्याच्या क्रमाची. पक्ष्याला दूर असतानाच नजरेने पकडावे, नजर त्याच्यावरून न हलवता कॅमेरा डोळ्यापर्यंत आणावा आणि खांदे न फिरवता कमरेपासून वळावे. कॅमेऱ्यातून आकाशभर पक्षी शोधत बसणे व्यर्थ आहे. दोन्ही डोळे उघडे ठेवून व्ह्यूफाइंडर वापरण्याची सवय सुरुवातीला त्रासदायक वाटते, पण एकदा ती जडली की मोकळ्या डोळ्याला पक्ष्याचा पुढचा मार्ग दिसत राहतो. झूम लेन्स असेल तर आधी २०० मिलिमीटरच्या आसपास पक्षी चौकटीत घ्यावा आणि मग जवळ आणावा. फ्लॅशच्या खाचेवर बसणारी, लाल ठिपका दाखवणारी शोधक दुर्बीणही मिळते. लांब लेन्सने लहान पक्षी शोधताना ती खरोखर कामाची आहे, मात्र दर वेळी लेन्सशी तिची दिशा जुळवून घ्यावी लागते.

तिसरी गोष्ट अशी की, पक्षी ज्या अंतरावर अपेक्षित आहे त्या अंतरावरील गवताच्या पात्यावर किंवा दगडावर आधीच फोकस करून ठेवावा. लेन्स पूर्ण धूसर असताना पक्षी चौकटीत असला तरी दिसत नाही, आणि जे दिसत नाही ते ऑटोफोकसलाही सापडत नाही.

सरावासाठी कोणते पक्षी निवडावेत?

एकाच बैठकीवर परत येणारे पक्षी सर्वांत चांगले गुरू आहेत. वेडा राघू आणि त्याचे भाईबंद, तसेच अनेक माशीमार, उघड्या फांदीवरून झेपावतात, हवेत कीटक पकडतात आणि वारंवार त्याच फांदीवर येऊन बसतात. उडून जाणारा पक्षी सुटला तरी परत येणारा मिळू शकतो, आणि परतताना तो वेग कमी करण्यासाठी पंख व शेपटी पसरतो. अशा वेळी फोकस बैठकीच्या किंचित अलीकडे, पक्षी ज्या बाजूने येतो त्या बाजूला ठेवावा. वेडा राघू पकडलेली माशी गिळण्यापूर्वी फांदीवर आपटतो, तेवढ्या अवधीत मागील फ्रेम तपासून घेता येतात.

कवड्या खंड्या पाण्यावर एका जागी पंख फडफडवत तरंगतो, त्यामुळे उड्डाणातील लहान पक्ष्यांत तो अपवादानेच सोपा आहे. याउलट छोटा खंड्या पाण्यालगत सरळ रेषेत, बाणासारखा जातो. त्याची वाट ठरलेली असली तरी तो दिसण्याआधी त्याची तीव्र शिटी ऐकू येते, म्हणून तेथे कानांवर भिस्त ठेवावी. भिंगऱ्या पाणी पिताना पृष्ठभागाला चोच लावत उडतात आणि त्या क्षणी त्यांची उंची निश्चित असते, म्हणजे एक अनिश्चितता कमी होते. पाकोळ्यांपासून सुरुवात करू नये. सामान्य पाकोळीचा सपाट उड्डाणातील वेग ताशी सुमारे ११० किलोमीटरपर्यंत मोजला गेला आहे, आणि नवशिक्याचा उत्साह संपवायला तेवढा पुरेसा आहे.

वारा आणि सूर्य यांचा विचार कसा करावा?

पक्षी शक्यतो वाऱ्याकडे तोंड करून झेप घेतात आणि उतरतात. म्हणून वारा आणि सूर्य दोन्ही आपल्या पाठीशी असतील, तर पक्ष्याचा चेहरा आपल्याकडे आणि प्रकाशात असतो. वाऱ्याच्या विरुद्ध उडताना जमिनीच्या संदर्भात पक्ष्याचा वेग घटतो: सेकंदाला १० मीटर वेगाने उडणाऱ्या पक्ष्याला समोरून ५ मीटरचा वारा असेल, तर तो आपल्यासमोरून निम्म्याच वेगाने सरकतो. पूर्ण शांत हवा सुखद असली, तरी या कामासाठी मध्यम वाऱ्याचा दिवस अधिक लाभाचा आहे.

सकाळी लवकर आणि सायंकाळी सूर्य खाली असताना पंखांच्या खालच्या बाजूला प्रकाश मिळतो. दुपारी तीच बाजू काळवंडते. फक्त पाणी, वाळू किंवा बर्फ यांवरून परावर्तित झालेला प्रकाश असेल तेथेच दुपारही चालते. तापलेल्या जमिनीवरून उठणारी हवा दूरच्या पक्ष्याचे तपशील विरघळवते, आणि त्या धूसरपणाचे खापर बहुतेक वेळा विनाकारण लेन्सवर फुटते.

ऑटोफोकस कसा लावावा?

सतत फोकस करणारी पद्धत वापरावी. मोकळे आकाश असेल तर मोठे क्षेत्र आणि मागे झाडी असेल तर मध्यम क्षेत्र निवडावे. एकच बिंदू लहान पक्ष्यावर टिकवून धरणे अनुभवी हातांनाही कठीण जाते. फोकस अडथळ्यावर किती पटकन सरकावा हे ठरवणारी मांडणी बहुतेक कॅमेऱ्यांत असते. पक्षी क्षणभर चौकटीबाहेर गेला तरी कॅमेऱ्याने लगेच पार्श्वभूमीकडे धाव घेऊ नये म्हणून ती संथ बाजूला ठेवावी. लेन्सवर अंतरमर्यादेचे बटण असेल, तर फोकसला सर्वांत जवळच्या टोकापर्यंत जाण्यापासून रोखावे. फोकसचे काम मागील बटणावर द्यावे की नाही, यावर पुष्कळ वाद घातला जातो; सवय झाली की दोन्ही पद्धती सारख्याच चालतात.

पक्ष्याचा डोळा ओळखणारा कॅमेरा घेतल्यास प्रश्न सुटतो का?

बराचसा सुटतो, पण चौकटीत आलेल्या पक्ष्यापुरता. डोळा ओळखण्याची सोय पक्षी पुरेसा मोठा आणि पार्श्वभूमीपासून वेगळा दिसत असताना उत्तम चालते. गवताच्या गर्दीपुढून जाणारा तपकिरी पक्षी तिला अनेकदा सापडत नाही, आणि फार लहान दिसणाऱ्या पक्ष्याच्या बाबतीत ती शरीरावर किंवा पंखावर समाधान मानते. पंखांच्या टोकावर फोकस बसलेल्या फ्रेम पडद्यावर तीक्ष्ण भासतात, म्हणून तपासताना थेट डोळ्यापाशी मोठे करून पाहावे.

ॲपर्चर पूर्ण उघडे ठेवावे का?

५०० मिलिमीटरच्या लेन्सवर एफ/५.६ ला १० मीटर अंतरावर स्पष्टतेची खोली सुमारे १३ सेंटिमीटर असते, एफ/८ ला ती १९ सेंटिमीटरच्या आसपास जाते. पंख पसरून आपल्याकडे येणारा लहान पक्षी तेवढ्यात कसाबसा मावतो. अंतर दुप्पट झाले की खोली चौपट होते, त्यामुळे २० मीटरवर एफ/५.६ पुरेसे ठरते. प्रकाश भरपूर असेल तर एफ/७.१ किंवा एफ/८ वापरावे, तो कमी झाला की शटरचा वेग राखण्यासाठी ॲपर्चर उघडावे.

एक्स्पोजर स्वयंचलित ठेवावे की मॅन्युअल?

प्रकाश स्थिर असेल तर मॅन्युअल. पक्षी एका फेरीत उजळ आकाश, गडद झाडी आणि चमकते पाणी अशा तिन्हींसमोरून जातो. त्याच्यावर पडणारा प्रकाश मात्र तोच असतो. स्वयंचलित मोजणी पार्श्वभूमीकडे पाहून निर्णय घेते आणि आकाशासमोर पक्ष्याला काळा करते. स्वच्छ उन्हात, सूर्य पाठीशी असताना, एफ/५.६, १/३२०० आणि आयएसओ ४०० या जोडणीपासून आरंभ करावा, पांढऱ्या पोटाच्या पक्ष्यासाठी थोडे कमी करावे आणि हिस्टोग्राम पाहून ठरवावे. ढग येत-जात असतील तर शटर व ॲपर्चर हाताने ठरवून आयएसओ स्वयंचलित ठेवणे सोयीचे आहे, पण आकाशाच्या पार्श्वभूमीवर एक ते दीड स्टॉप वाढीव भरपाई द्यायला विसरू नये.

आयएसओ वाढवायला घाबरणारे बरेच भेटतात. दाणेदार चित्र सुधारता येते, हललेले चित्र सुधारता येत नाही.

कोणती लेन्स योग्य?

दिवसभर हातात धरून फिरवता येईल अशी. लहान पक्ष्यांच्या उड्डाणासाठी ६०० मिलिमीटरची जड लेन्स अनेकदा गैरसोयीची ठरते, कारण तिचे दृश्यक्षेत्र अरुंद असते आणि वजनामुळे वळायला उशीर होतो. ३०० ते ५०० मिलिमीटरच्या हलक्या लेन्स किंवा १००-४०० सारखी झूम या कामाला अधिक अनुकूल आहेत. लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर त्याच लेन्सचे दृश्यक्षेत्र आणखी अरुंद होते, म्हणजे पक्षी मोठा दिसतो आणि सापडायला तितकाच कठीण होतो. टेलिकन्व्हर्टर (लेन्स आणि कॅमेरा यांच्यामध्ये बसवून फोकल लांबी वाढवणारा जोड) लावल्याने प्रकाश आणि फोकसचा वेग दोन्ही घटतात. उड्डाणासाठी तो शक्यतो पिशवीतच ठेवावा.

ट्रायपॉड आणि कंपनरोधक यंत्रणा वापराव्यात का?

भिंगऱ्यांसाठी ट्रायपॉड नको. एकाच बैठकीवर तासन्‌तास थांबायचे असेल आणि लेन्स जड असेल, तर गिंबल डोके (जड लेन्स तोलून धरणारे आणि सहज फिरू देणारे) लावून ट्रायपॉड वापरावा. कंपनरोधक यंत्रणा १/२००० पुढे फारशी मदत करत नाही. पॅनिंगसाठीचा वेगळा पर्याय असेल तर तो निवडावा, नसेल तर ती बंद करून फरक पडताळून पाहावा.

सेकंदाला किती फ्रेम हव्यात?

१८८२ साली फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ एतिएन-ज्यूल मारे यांनी पक्ष्यांच्या उड्डाणाच्या अभ्यासासाठी बंदुकीच्या आकाराचा कॅमेरा बनवला, तो सेकंदाला १२ चित्रे घेत असे. आजही १० ते २० फ्रेममध्ये उत्तम काम होते. येथे एक बारकावा ध्यानात ठेवण्याजोगा आहे: सेकंदाला २० वेळा पंख मारणाऱ्या पक्ष्याचे सेकंदाला २० फ्रेमने चित्रण केले, तर सलग कित्येक फ्रेममध्ये पंख जवळपास एकाच स्थितीत येऊ शकतात, आणि ती स्थिती नकोशी असेल तर सगळी मालिका वाया जाते. अशी मालिका दिसली तर फ्रेमचा वेग बदलावा. दर फ्रेम ५० मेगाबाइटची धरली तर २० फ्रेम म्हणजे सेकंदाला एक गिगाबाइट माहिती साठवावी लागते, त्यामुळे बोट दाबून धरण्यापेक्षा लहान लहान मालिका घ्याव्यात.

बटण पूर्ण दाबण्याआधीच्या फ्रेम स्मृतीत धरून ठेवण्याची सोय अनेक नव्या कॅमेऱ्यांत आहे. बटण अर्धे दाबून थांबायचे आणि पक्षी उडाल्यावर पूर्ण दाबायचे. कॅमेरा त्यापूर्वीचा, मॉडेलनुसार अर्ध्या ते एक सेकंदापर्यंतचा काळ जपून ठेवतो. मानवी प्रतिक्रियेचा विलंब भरून काढणारी ही सोय बैठकीवरून झेप घेणाऱ्या पक्ष्यांसाठी अप्रतिम आहे. झेपेची पूर्वचिन्हे शिकून घेतली तर तिचा लाभ वाढतो: पक्षी पिसे अंगाशी घट्ट करतो, किंचित खाली दबतो, जाण्याच्या दिशेला मान वळवतो आणि बऱ्याचदा आधी शिटतो.

इलेक्ट्रॉनिक शटरने पंख वाकडे का येतात?

बहुतेक सेन्सर चित्र एकाच क्षणी वाचत नाहीत, वरून खाली ओळीओळीने वाचतात. हे वाचन १/३० सेकंद चालले, तर सेकंदाला २० फटके मारणारा पक्षी तेवढ्यात फटक्याचा दोन-तृतीयांश भाग पूर्ण करतो आणि पंख रबरी दिसतात. येथे १/४००० चा शटर वेग उपयोगाचा नाही, कारण प्रत्येक ओळ तेवढाच काळ उघडी असली तरी पहिली आणि शेवटची ओळ वेगवेगळ्या क्षणांची असते. अशा कॅमेऱ्यावर यांत्रिक शटर वापरावे. स्तरित (स्टॅक्ड, म्हणजे मागे स्मृतीचा थर जोडलेले) सेन्सर वाचन खूपच जलद करतात. सोनीने २०२३ मध्ये जाहीर केलेल्या ए९ थ्री या पूर्ण-फ्रेम कॅमेऱ्यात सर्व पिक्सेल एकदमच वाचले जातात, तेथे हा दोष उरतच नाही.

फ्लॅशने पंख गोठवता येतात का?

येतात, पण रानात फिरत नव्हे. फ्लॅशची शक्ती कमी केली की त्याचा झोत आखूड होतो. अनेक फ्लॅश १/१६ शक्तीवर १/१०००० सेकंदाच्या आसपास किंवा त्याहून कमी काळ चमकतात. अमेरिकी विद्युत अभियंता हॅरॉल्ड एजर्टन यांनी १९३० च्या दशकात अशाच क्षणिक विद्युत्‌झोतांनी हमिंगबर्डचे पंख स्थिर दाखवले. कमी शक्ती भरून काढण्यासाठी तीन-चार फ्लॅश पक्ष्याच्या येण्याच्या जागेजवळ मांडावे लागतात आणि नैसर्गिक प्रकाश चार-पाच स्टॉपने दाबावा लागतो, अन्यथा पंखांभोवती भुताटकी छाया उमटते. अतिवेगवान शटरशी जुळणारी फ्लॅशपद्धत (हाय-स्पीड सिंक) येथे चालत नाही, कारण तीत फ्लॅश पडद्याच्या संपूर्ण प्रवासभर चमकत राहतो. माझ्या मते दिवसाच्या प्रकाशात काम भागत असेल तर या खटाटोपात पडू नये. रानपक्ष्याच्या ठरलेल्या जागेभोवती उपकरणांचे कुंपण घालणे त्याच्यासाठी निरुपद्रवी आहे, असे सहज म्हणता येत नाही.

घरट्याजवळ थांबले तर पक्षी हमखास येतो. त्यात गैर काय?

पक्षी येतो, कारण त्याला यावेच लागते. आपल्या उपस्थितीमुळे तो चोचीत कीटक धरून दूरच्या फांदीवर ताटकळला, तर तेवढ्या फेऱ्या पिल्लांच्या वाट्यातून कमी होतात, आणि घरट्याकडे वारंवार जाणारी माणसे शिकारी प्राण्यांनाही वाट दाखवतात. चित्र स्वच्छ यावे म्हणून घरट्यासमोरील पाने दूर करणे तर सरळसरळ घातक आहे, कारण तीच पाने ऊन आणि शत्रूंची नजर अडवतात. त्याचप्रमाणे, बसलेल्या पक्ष्याला उडवण्यासाठी टाळ्या वाजवणे, खडा मारणे किंवा ध्वनिमुद्रित साद ऐकवणे टाळावे. लहान पक्ष्यांच्या शरीरात ऊर्जेचा साठा तुटपुंजा असतो आणि थंडीत किंवा स्थलांतराच्या काळात प्रत्येक अनावश्यक उड्डाण त्यांना महाग पडते. पक्षी शेपटी झटकू लागला, इशाऱ्याचा आवाज करू लागला किंवा घास घेऊन थबकला, तर अंतर वाढवावे.

शेकडो फ्रेममधून निवड कशी करावी?

पहिल्या फेरीत फक्त डोळा पाहावा आणि तो तीक्ष्ण नसलेल्या फ्रेम विनासंकोच काढून टाकाव्यात. दुसऱ्या फेरीत पंखांची स्थिती, मानेची दिशा आणि पुढे उरलेली मोकळी जागा पाहावी. डोके आपल्यापासून दूर वळलेले चित्र कितीही स्पष्ट असले तरी सहसा ठेवण्याजोगे नसते. कातरणी करताना पक्ष्याला चौकटभर मोठा करण्याचा मोह आवरावा, कारण उड्डाणाला अवकाश लागतो आणि पिक्सेलही मर्यादितच असतात. रॉ स्वरूपात चित्रण केले असेल तर पंखांखालच्या सावल्या उजळवता येतात. पक्षी एका फ्रेममधून उचलून दुसऱ्या पार्श्वभूमीवर ठेवला असेल, किंवा एकाच पक्ष्याच्या अनेक फ्रेम एकत्र जोडून उड्डाणाचा मार्ग दाखवला असेल, तर तसे चित्राखाली स्पष्ट लिहावे. उड्डाणाचा अभ्यास करणारे लोकही ही चित्रे पाहतात आणि त्यांच्यासाठी पंखाची प्रत्येक स्थिती ही नोंद असते.